सोनं शोधायचं तर अंगावर सोनं नको : वाळवंटातली माती, चाळण्या आणि ड्रिलिंग

रेतीतली_नाशिककर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा हा पहिलाच. निमित्त सासूबाईंचं. सुट्टीला पंचवटीत घरी आले होते. हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "सून सोन्याच्या खाणीत आहे म्हणता, मग गळा असा मोकळा कसा?" सासूबाईंनी "तिकडे चालत नाही हो" म्हणून वेळ मारून नेली आणि तिळगूळ पुढे केला. खरं उत्तर लांबलचक आहे, ते इथे लिहिते.

आधी एक दुरुस्ती. मी खाणीत नाही. मी जिथे काम करते तिथे खाण नाही आणि बहुतेक कधी होणारही नाही. आमचं काम शोधाचं. पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या पूर्वेला शेकडो किलोमीटर आत, ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटाच्या कडेला आमचा तळ असतो. लाल वाळूच्या टेकड्या, अंगाला टोचणारं स्पिनिफेक्स गवत, डोळ्यांत शिरणाऱ्या माश्या. मोकाट उंटसुद्धा आहेत. एकोणिसाव्या शतकात ओझी वाहायला आणले, मोटारी आल्यावर सोडून दिले. त्या उंटांबरोबर गेलेले उंटवाले आपल्या बाजूचेच, अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले.

काम ऐकायला अगदी साधं आहे. नकाशावर चौकटी आखायच्या. समजा ८ किलोमीटर बाय ४ किलोमीटरचा तुकडा आहे. दर ४०० मीटरला एक ओळ, ओळीवर दर १०० मीटरला एक खड्डा. म्हणजे २१ ओळी, प्रत्येकीवर ४१ खड्डे, एकूण ८६१. प्रत्येक ठिकाणी जीपीएस बघून थांबायचं, वरची उडून आलेली वाळू बाजूला करायची, वीतभर खणायचं, माती चाळायची, बारीक भाग कागदी पिशवीत भरायचा, नंबर टाकायचा आणि पुढच्या खड्ड्याकडे चालू लागायचं. सोनं काही दिसत नाही. तीन वर्षांत मातीच्या कामात मला डोळ्यांनी सोनं एकदाही दिसलेलं नाही.

दिसतो तो फक्त आकडा, तोही तीन-चार आठवड्यांनी प्रयोगशाळेतून येणारा. पीपीबी म्हणजे अब्जात किती भाग. साध्या मातीत एक-दोन पीपीबी सोनं असतंच, तुमच्या कुंडीतल्या मातीतही असेल. वीस-तीस आले की आमचे कान टवकारतात. ट्रॉपिकाना नावाची आज चालू असलेली मोठी खाण याच वाळवंटाच्या कडेला आहे, कालगुर्लीपासून साधारण ३३० किलोमीटर. तिचा माग ज्या जुन्या मातीच्या नमुन्यावरून लागला त्यात सोनं होतं ३१ पीपीबी. ड्रिलिंगमध्ये साठा हाती लागला २००५ मध्ये आणि पहिलं सोनं ओतलं २०१३ मध्ये.

३१ पीपीबी म्हणजे किती, हे मी आईला असं सांगते: एका टन मातीत ३१ मिलिग्रॅम. एक जुना तोळा (११.६६ ग्रॅम) हवा असेल तर पावणेचारशे टन माती. दहा टनी ट्रक धरले तर सदतीस-अडतीस ट्रक.

आता मोकळ्या गळ्याचं. बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं, घासलं की झिजतं. समजा किलोभर मातीच्या नमुन्यात अंगठीचा एक मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा उतरला, जो डोळ्यांना दिसणारही नाही. तो नमुना नव्वद पीपीबी दाखवील. ट्रॉपिकानाच्या तिप्पट! म्हणून नमुने घेणाऱ्याच्या अंगावर सोनं नको, असा नियमच असतो. अंगठी, बांगडी, साखळी, घड्याळाचा सोनेरी पट्टा, सगळं तळावर काढून ठेवायचं. मंगळसूत्र माझ्या कपाटात डबीत असतं.

प्रश्न विचारा. जमेल तसं सांगते.

वाचनमात्र

पहिलाच धागा आणि थेट सोनं! आमच्याकडे पहिला धागा साबुदाणा वड्यांचा असायची पद्धत आहे. स्वागत.

काळी_माती

ताई, मी निफाडचा, द्राक्षवाला. तुम्ही सांगितलं ते वाचून वाटलं, हे तर आमचं माती परीक्षण! आम्हीपण व्ही आकाराचा खड्डा करतो, कडेची माती खरवडून घेतो, सगळी एकत्र करून चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन टाकून देतो, असं करत अर्धा किलो उरवतो. बांधाजवळची, खताच्या उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. फरक काय मग?

दुसरं. तिकडं चुनखडी लागते का? आमच्याकडं बागेत चुनखडी निघाली की डोक्याला हात. वेल पिवळा पडतो, लोह मिळत नाही. डॉगरिजच्या खुंटावर वेलाचं कलम करूनपण फार फरक पडत नाही काही रानांत.

रेतीतली_नाशिककर

दादा, हात तोच, हेतू उलटा. तुम्ही सगळ्या रानाची सरासरी काढायला माती एकत्र करता. आम्हाला सरासरी नकोच असते. एका खड्ड्याची माती दुसऱ्यात मिसळली तर माग पुसला जातो. उकिरड्याजवळची माती नको, हा नियम मात्र आमचाही आहे. आमचा उकिरडा म्हणजे जुन्या शोधकऱ्यांचे ढीग, गाड्यांचे रस्ते आणि वाहून आलेल्या मातीचे पट्टे.

चुनखडीवर मी एक अख्खा धागा लिहू शकते, पण आवरते. तुमच्या डोक्याला हात लागतो तिथे आम्ही नाचतो! कोरड्या प्रदेशात थोडा पाऊस पडतो, मुळं खालचं पाणी ओढतात, उन्हाने ते उडून जातं आणि चुना वरच्या एक-दोन मीटरमध्ये थर होऊन बसतो. पाण्यात अत्यल्प विरघळलेलं सोनंही त्याच वाटेने वर येऊन चुन्याबरोबर अडकतं. म्हणजे खाली खडकात सोनं असेल तर त्याची सावली चुनखडीत पडते. दक्षिण ऑस्ट्रेलियात गॉलर क्रेटन भागात चॅलेंजर नावाचा साठा १९९५ मध्ये निव्वळ चुनखडीचे नमुने घेऊन सापडला. त्यानंतर त्या भागात जो तो चुनखडी गोळा करत सुटला.

अर्थात खाली सोनं असावं लागतं, ही मुख्य अट. निफाडच्या चुनखडीखाली आहे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. तेव्हा खुंटच बदला.

इतिहासवेडा

वाळवंट आणि सोनं हे नातं जुनं आहे. इटलीत तुरीनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी सुमारे ११५० चा एक इजिप्शियन पपायरस आहे, इजिप्तच्या पूर्व वाळवंटातल्या वाडी हम्मामात भागाचा. त्यात डोंगर वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेत आणि सोन्याच्या जागा नोंदवल्यात. जगातला सर्वांत जुना भूशास्त्रीय नकाशा त्यालाच म्हणतात. त्याच पूर्व वाळवंटात सुकारी ही आधुनिक खाण २००९ पासून सोनं काढते आहे. प्राचीन लोक जिथे उकरत होते तिथेच.

आपल्याकडे सभापर्वात युधिष्ठिराला भेट आलेलं 'पिपीलिक' सोनं आहे, मुंग्यांनी काढलेलं. हे नुसतं काव्य की काही तथ्य?

रेतीतली_नाशिककर

मुंग्यांचं माहीत नाही, पण वाळवीची वारुळं आम्ही खरोखर तपासतो. वाळवी ओलाव्यासाठी खोल जाते आणि तिथले कण वर आणते. जिथे वरची वाळू वाऱ्याने आलेली आणि बिनकामाची असते तिथे वारुळाची माती जास्त खरं बोलते. वराहमिहिराने बृहत्संहितेत वारुळावरून पाणी शोधायला सांगितलंय, तर्क तोच.

आणि निलगिरीची पानं! २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने दाखवलं की कालगुर्लीजवळ तीसेक मीटर खोल साठ्यावर वाढलेल्या निलगिरीच्या पानांत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. मुळांनी पाण्याबरोबर ओढलेले. आपण दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, तिकडे पानं प्रयोगशाळेत पाठवतात.

बोअर_सिन्नर

म्याडम, आमची गाडी आहे बोअरची. साडेसहा इंची, हॅमर. तुमचं ड्रिलिंग आमच्यासारखंच का वेगळं? आमच्यात खालचा चुरा हवेने रॉडच्या बाहेरून वर येतो. कुठल्या फुटाचा चुरा ते अंदाजेच. मांजऱ्या लागला, काळा पाषाण लागला, रंगावरून सांगतो आम्ही.

रेतीतली_नाशिककर

या प्रश्नाची वाटच बघत होते. तुम्ही एका वाक्यात नेमकी अडचण सांगितलीत.

चुरा बाहेरून वर आला की वाटेत भिंतीची माती त्यात मिसळते. पाण्याच्या बोअरला चालतं, तुम्हाला पाणी लागल्याशी मतलब. आम्हाला ८७ व्या मीटरचा चुरा ८७ व्या मीटरचाच हवा. म्हणून आमचा रॉड दुहेरी भिंतीचा असतो, नळीत नळी. कॉम्प्रेसरची हवा दोन भिंतींमधून खाली जाते, हॅमर चालवते आणि चुरा आतल्या नळीतून वर येतो, भिंतीला न शिवता. याला आरसी म्हणतात, रिव्हर्स सर्क्युलेशन. वर तो सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा आणि चुरा वेगळा करणाऱ्या नळकांड्यात पडतो, तिथून वाटे पाडणाऱ्या विभाजकातून जातो. एका मीटरला पंचवीस-तीस किलो चुरा निघतो, त्यातला दोन-तीन किलोचा प्रातिनिधिक वाटा प्रयोगशाळेला. बाकीचा ढीग ओळीने मांडून ठेवायचा. थोडा चाळणीत धुवून मी पण तुमच्यासारखाच रंग बघते: क्वार्ट्झ किती, पायराइट किती, गंज कुठे.

पण आरसी लगेच नाही. मातीत आकडा आला की आधी ओळी जवळ घेऊन पुन्हा माती. मग एअरकोअर: स्वस्त, पात्याचं बिट, कुजलेल्या मऊ खडकातून खाली जातं आणि कठीण खडक लागला की थांबतं. त्यातही आकडा टिकला तर आरसी. आरसीतही टिकला तर हिऱ्याचं बिट लावून खडकाची सलग कांडी काढायची. कांडी उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेला, अर्धी खोक्यात जपून. छिद्रं सहसा तिरकी पाडतो, साठ अंशांच्या आसपास. शिरा उभ्या असतात, सरळ खाली गेलो तर शिरेच्या बाजूने निघून जाऊ आणि कळणारही नाही.

बोअर_सिन्नर

तिरका बोअर! आमच्याकडं तिरका गेला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.

आणि पाणी लागल्यावर?

रेतीतली_नाशिककर

तुमच्याकडे पाणी लागलं की नारळ फुटतो, आमच्याकडे सगळ्यांची तोंडं पडतात. ओला चुरा नळीत चिकटतो, विभाजकात नीट वाटला जात नाही आणि वरच्या मीटरचं सोनं खालच्या मीटरात लांबवर ओढलं जातं. जादा कॉम्प्रेसर लावून छिद्र कोरडं ठेवायचा प्रयत्न करतो, नाही जमलं तर आरसी थांबवून कांडी काढायला घेतो.

मूस_आणि_कस

सराफ बाजारात तीन पिढ्या दुकान आहे, म्हणून विचारतो. तुमच्या प्रयोगशाळेत सोनं काढतात कसं? आमच्याकडे मूस, सवागी, तेजाब.

रेतीतली_नाशिककर

काका, तुमचंच! दळलेली माती पन्नास ग्रॅम मुशीत घालतात. त्यात मुर्दाडशिंग, सवागी, सोडा आणि चक्क थोडं गव्हाचं पीठ. भट्टीत पीठ जळताना मुर्दाडशिंगाचं शिसं होतं, ते शिसं थेंबाथेंबाने खाली जाताना वाटेतलं सगळं सोनं-चांदी उचलून घेतं. काच झालेला दगड वर, शिशाचा गोळा तळाशी. मग तो गोळा मॅग्नेशियाच्या किंवा हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून तापवतात. शिसं वाटी पिते, उरतो मण्याएवढासुद्धा नसलेला ठिपका. १ ग्रॅम प्रति टन माल असेल तर पन्नास ग्रॅममधून निघणारं सोनं ५० मायक्रोग्रॅम. तो ठिपका आम्लात विरघळवून यंत्राने मोजतात.

मूस_आणि_कस

अगदी. हॉलमार्क केंद्रात हीच रीत, फक्त तिथे शेवटी तराजू. चांदीची भर घालून तेजाबात चांदी काढून टाकतात, उरलेलं सोनं तोलतात.

झारेकरी आठवले. आमच्या गल्लीत पहाटे दुकानांपुढची धूळ झाडून नेत, गटारातला गाळ पाटीत खळबळून सोनं वेगळं करत. गोदेला पूर येऊन बाजारात पाणी शिरलं, दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत गेलं, की ओसरल्यावर ते आधी हजर. कुठल्या दुकानापुढची धूळ किती देते हे त्यांना पाठ असायचं. तुमचा नकाशा तो हाच की.

रेतीतली_नाशिककर

काका, हे मी आमच्या तळावर सांगणार आहे.

फुकटचा_सल्ला

मुद्द्याचं बोला. ऑस्ट्रेलियन शेअर्समध्ये पैसे घालता येतात आता. एका छोट्या कंपनीची बातमी आली: "१० मीटर, ५ ग्रॅम प्रति टन". घ्यावा का?

रेतीतली_नाशिककर

घ्या की नका घेऊ हे मी सांगणार नाही. ते वाक्य कसं वाचायचं तेवढं सांगते. दहाही मीटर पाच-पाच ग्रॅमचे असू शकतात. किंवा एका मीटरला ४६ ग्रॅम आणि बाकी नऊ मीटरना अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, तरी सरासरी पाचच येते. दुसरं, ते दहा मीटर छिद्राच्या लांबीवरचे. शिरेची खरी जाडी तीन मीटरही असेल. तिसरं, शेजारच्या छिद्रात काय लागलं? बातमीच्या शेवटी बारीक अक्षरांतला तक्ता असतो, त्यात 'विशेष काही नाही' अशा ओळी मोजा. मी आधी त्याच वाचते.

इतिहासवेडा

ब्रे-एक्स ही कॅनडाची कंपनी विसरू नका. इंडोनेशियातलं बुसांग. जंगल होतं, वाळवंट नाही, पण नमुन्यांची गोष्ट तीच. चुऱ्यात बाहेरचं सोनं पेरलं होतं. कांडी अर्धी राखून ठेवायच्या ऐवजी सगळीच दळून टाकत, त्यामुळे ताडून बघायला काही उरलंच नाही. मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत फुगा फुटला. पेरलेले कण नदीतल्या सोन्यासारखे गोल घासलेले होते, खडकातल्यासारखे नव्हते. कॅनडाने २००१ मध्ये नवे कडक नियम आणले ते याच प्रकरणानंतर.

वाचनमात्र

झारीतले शुक्राचार्य ऐकले होते, चाळणीतले पहिल्यांदाच.

पण ताई, तुमचा तो दागिन्यांचा नियम थोडा अतिरेक नाही वाटत? इतक्याशा अंगठीने काय होतंय? सोवळं-ओवळं वाटतं मला.

रेतीतली_नाशिककर

हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही विचारलंतच.

पहिल्या हंगामात माझ्या बोटात लग्नातली अंगठी होती. उन्हाने बोटं सुजतात, निघेना. साबण लावला, तेल लावलं. मनात म्हटलं, हातमोज्याच्या आत आहे, कोणाला कळणार. तिसऱ्या दिवशी हातमोजा बोटाच्या मुळाशी फाटला. चाळणी मी डाव्या हाताने धरायचे, कडेला अंगठी घासायची. बदलायला दुसरा जोड गाडीत होता आणि गाडी दोन किलोमीटर मागे.

महिन्याने निकाल आले. सगळीकडे एक, दोन, तीन, आणि मध्येच पट्ट्यात ४०, ६५, एक तर १२०. तळावर जल्लोष. ड्रिलिंगची गाडी कधी मिळेल याचे फोन सुरू झाले. आमच्या वरिष्ठ बाई मात्र नकाशा बघत बसल्या होत्या. तिथला खडक वायव्य-आग्नेय पसरलेला आहे, सोनं असेल तर पट्टा त्या दिशेला हवा. हा पट्टा सरळ पूर्व-पश्चिम, एकाच ओळीवर. शेजारच्या ओळीवर तेच एक-दोन. त्यांनी नमुन्यांचे नंबर काढले, त्या दिवशी ओळीवर कोण होतं ते पाहिलं आणि मला हाक मारली. सोनं खडकाच्या दिशेने चाललं नव्हतं, माझ्या चालण्याच्या दिशेने चाललं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. "हात दाखव," एवढंच म्हणाल्या. ओळ मी पुन्हा केली, एकटीने, नवा हातमोजा आणि बोटाला पट्टी. १२० च्या जागी आले ३.

तेव्हापासून बाहेरच्या नमुन्यांवर तर लक्ष असतंच, आम्ही मुद्दाम खोटे नमुनेही पाठवतो. दर वीसेक पिशव्यांत एक ठरावीक सोनं असलेली, एक दुसऱ्यांदा भरलेली आणि एक कोरी, जिच्यात काहीच यायला नको. कोरी पिशवी बोलली तर प्रयोगशाळेत किंवा आमच्यात कोणीतरी घाण केली. कोऱ्या मालासाठी तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच बनबरी गावचा बेसॉल्ट वापरतात. म्हणजे आपल्याकडे घाटात फुटते तसलीच खडी! नाशिकला सोनं का नाही असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, आपला दगड 'काही नाही' मोजायच्या कामाचा आहे.

काळी_माती

म्हंजे खाली काहीच नाही का कुठं?

रेतीतली_नाशिककर

खाली असेलही. बेसॉल्टचं पांघरूण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, त्याखालचे खडक फार जुने, कर्नाटकात हट्टीला आजही सोनं देणारे आणि कोलारला २००१ पर्यंत देत होते तशा कुळातले असू शकतात. पण कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी छिद्र पाडलं तेव्हा बेसॉल्ट संपायला नऊशे मीटरच्या पुढे जावं लागलं. त्यातून मातीत सावली पडत नाही.

गोदाकाठ

एक गंभीर प्रश्न. ही जमीन कुणाची? 'ओसाड वाळवंट' असं आपण म्हणतो, पण तिथे माणसं राहतात ना?

रेतीतली_नाशिककर

राहतात, आणि ओसाड हा शब्द मीही तिथेच सोडला. आदिवासी समाजांचे हक्क १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्याने मान्य आहेत. ड्रिलिंगआधी त्या समाजातली जाणती मंडळी आणि मानववंशशास्त्रज्ञ आमच्याबरोबर ओळीवरून चालतात. पाण्याचा खड्डा, एखादा दगड, एखादी टेकडी दाखवून म्हणतात, इथे नको. कारण सांगतातच असं नाही, आणि मागायचंही नसतं. आम्ही छिद्र सरकवतो. सगळीकडे असं नीट होतं असा दावा नाही. २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच जुकान गॉर्जच्या ४६,००० वर्षं जुन्या वस्तीच्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या गेल्या, तेही कायद्याच्या परवानगीने.

एका आजींनी मला विचारलं होतं, तुमच्याकडे सोनं कुठे ठेवतात? म्हटलं, बायकांच्या अंगावर आणि बँकेत. त्या खूप वेळ हसल्या.

मूस_आणि_कस

अंगठीचं काय झालं शेवटी?

रेतीतली_नाशिककर

तिथे कापून काढली, तळावरच्या नर्सने. आता तुमच्याच बाजारात जोडायला दिली आहे. लग्नातली पावती सासूबाईंनी जपून ठेवली होती: ४.१२० ग्रॅम. परवा दोन्ही तुकडे वजन केले, ४.०५२. गेले ६८ मिलिग्रॅम. बावीस कॅरेटच्या हिशोबाने ६२ मिलिग्रॅम शुद्ध सोनं, म्हणजे ट्रॉपिकानाच्या त्या पहिल्या नमुन्यासारखी दोन टन माती.

सगळं वाळवंटात गेलेलं नाही. आधीची पाच वर्षं नाशकात धुणीभांडीही केली आहेत.

वाचनमात्र

मग झारेकऱ्यांना पंचवटीतल्या तुमच्या मोरीचा पत्ता कळवा.